जाट आले कुठून?

मराठी माणसाला जाट भेटतात ते पानिपताच्या वाटेवर. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने पडले, ती कुंभेरी जाटांची. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावरून वाचलेली माणसं उपाशी, उघडी, जखमी अशी दक्षिणेकडे निघाली, तेव्हा त्यांना अन्नवस्त्र आणि थारा दिला तो त्याच जाटांच्या राजाने, सूरजमलने. पुढे १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांना चुकवत भरतपूरच्या आश्रयाला गेले. जनरल लेकने चार वेळा हल्ला चढवला, तरी मातीच्या तटांचा तो किल्ला त्याला घेता आला नाही. आपल्या इतिहासात जाट असे अडीअडचणीला येतात आणि पुन्हा पडद्याआड जातात. ते मुळात कोण, कुठले, ही चौकशी आपण फारशी केलेली नाही.

उत्तरेत मात्र ही चौकशी दोनशे वर्षं चालू आहे, आणि ती नुसती पंडितांपुरती नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'पानिपत' हा हिंदी चित्रपट आला. मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागणारा सूरजमल त्यात पाहून राजस्थानात निदर्शनं झाली आणि निर्मात्यांना काही भाग कापावा लागला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या राजाबद्दल लोक एवढे हळवे का असतात? मला वाटतं, त्याचं उत्तर सूरजमलच्याही हजार वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

आधी माणसं कोणती ते पाहू. हरियाणा, दिल्लीभोवतीची गावं, पश्चिम उत्तर प्रदेश, राजस्थानचा उत्तर आणि पूर्व भाग, पंजाब, आणि सरहद्दीपलीकडे पाकिस्तानातला पंजाब व सिंध, एवढ्या पट्ट्यात जाट पसरले आहेत. फाळणीपूर्वी, १९३१ च्या जनगणनेच्या वेळी, त्यांच्यातले साधारण निम्मे हिंदू होते, तिसरा हिस्सा मुसलमान आणि पाचवा हिस्सा शीख. पंजाबीत त्यांना 'जट्ट' म्हणतात, सिंध आणि कच्छकडे 'जत'. (आपल्या सांगली जिल्ह्यातल्या जतशी गल्लत नको.) नाव एक, धर्म तीन आणि उच्चारही तीन. अशा समाजाचं मूळ एका ओळीत सांगता येईल, ही अपेक्षाच जरा धाडसाची आहे. पण ते धाडस पुष्कळांनी केलं, आणि त्यातला पहिला मोठा माणूस म्हणजे कर्नल जेम्स टॉड.

टॉड हा उदयपूरला कंपनी सरकारचा प्रतिनिधी. राजपुतान्यावर त्याचा विलक्षण जीव. त्याच्या 'अ‍ॅनल्स' या ग्रंथाचा पहिला खंड १८२९ मध्ये निघाला, दुसरा १८३२ मध्ये. नावातलं साम्य दिसलं की टॉडला राहवत नसे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने डॅन्यूब नदीकाठच्या 'गेटे' लोकांबद्दल लिहिलं आहे, तसंच कास्पियन समुद्रापलीकडच्या 'मासागेटे' लोकांबद्दलही. इराणचा सम्राट सायरस याच मासागेटेंशी लढताना मारला गेला. गेटे, जेटे, जित, जाट अशी साखळी टॉडने जोडली आणि जाट हे मध्य आशियातून आलेले शक असल्याचा निकाल देऊन टाकला.

त्याला पुरावाही सापडला. १८२० मध्ये कोट्याजवळ कणसवा इथल्या देवळात एक शिलालेख त्याने पाहिला. त्याच्याबरोबर ज्ञानचंद्र नावाचे जैन यती असत. जुने लेख वाचायला त्यांचीच मदत. लेखाच्या सुरुवातीलाच टॉडला 'जित' शब्द दिसला. हा जित तुमचं रक्षण करो, तो कुठे पांढरा आहे, कुठे लाल आहे, असा काहीसा अर्थ त्याने लावला आणि पाचव्या शतकातल्या एका जित राजाचा हा लेख म्हणून आपल्या ग्रंथात छापला. जाटांच्या प्राचीन राज्याचा दगडावरचा दाखला!

आता पुढची गंमत पाहा. हिंदुस्थानातले जुने लेख नीट वाचण्याची विद्या तेव्हा बाल्यावस्थेत होती. प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तीच मुळी १८३७ मध्ये. कणसव्याचा लेख पुढे नीट वाचून प्रसिद्ध केला तो फ्रान्झ कीलहॉर्न यांनी. हे जर्मन संस्कृतपंडित आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दीड दशक संस्कृत शिकवत होते. त्यांच्या वाचनातून निघालं ते असं. लेख मालव संवत ७९५ चा, म्हणजे इसवी सन ७३८ चा आहे. मौर्य वंशातल्या धवल नावाच्या राजाचा स्नेही शिवगण याने शंकराचं देऊळ बांधलं, त्याचा हा लेख. आणि सुरुवातीच्या मंगलश्लोकात कवीने रक्षण मागितलं आहे ते शंभूच्या जटांकडे. त्या जटा चंद्रकिरणांनी कुठे पांढऱ्या, सर्पांच्या वेटोळ्यांनी कुठे काळोख्या, तिसऱ्या डोळ्याने कुठे तापलेल्या, गंगेच्या पाण्याने कुठे गार. टॉडचा 'जित' राजा म्हणजे शंकराची जटा!

टॉडला हसण्याचं कारण नाही. त्या काळात, त्या साधनांवर, त्याने जे जमवलं ते अफाट आहे. पण चूक दुरुस्त झाली तरी तिच्यावर उभा राहिलेला मजला खाली येत नाही. टॉडचा हवाला देऊन जाटांचं पाचव्या शतकातलं राज्य सांगणारे लेख पुढेही निघत राहिले.

आणि जटेने जाटांची पाठ एवढ्यावर सोडलेली नाही. दक्षयज्ञाच्या कथेत शंकराने रागाने जटा आपटली आणि त्यातून वीरभद्र उभा राहिला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच जटेतून जाट जन्मले, अशी कथा उत्तरेत सांगतात. दुसरीकडे धातुपाठात 'जट' हा धातू 'एकत्र येणे, गुंतणे' या अर्थाने आहे. केसांची जटा त्यावरूनच. आर्यसमाजी वळणाच्या लेखकांनी या धातूवरून जाट म्हणजे 'संघ करून राहणारे', प्राचीन गणराज्यांचे वारस, असं मांडलं. भाविकाने जटेतून वीरभद्र काढला, सुधारकाने त्याच धातूतून लोकशाही. दोन्ही कल्पना सुंदर आहेत. पण शब्दाचा नाद जुळला म्हणून वंश जुळत नाही.

नाद जुळवायचाच तर एक अधिक वजनदार उमेदवार महाभारतात आहे. कर्णपर्वात कर्ण आणि शल्य यांची जी शेलकी वादावादी होते, तिच्यात कर्ण शल्याच्या देशाची यथेच्छ निंदा करतो. त्यात शाकल नगरातल्या, म्हणजे आजच्या सियालकोटच्या, 'जर्तिक' नावाच्या बाहीकांचा उल्लेख आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही हा उल्लेख टिकला आहे. 'वर्त्म' या शब्दाची आपल्याकडे 'वाट' झाली, तसा 'जर्त'चा 'जट्ट' होऊ शकतो. प्रदेशही पंजाबचाच. पण अडचण अशी की एवढ्या एका निंदेपलीकडे या जर्तिकांबद्दल काहीच हाती लागत नाही.

पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास चंद्रगोमी या बौद्ध वैयाकरणाच्या परंपरेत नुकत्याच घडलेल्या घटनेसाठी क्रियापद कसं वापरावं याचं उदाहरण म्हणून एक छोटंसं वाक्य येतं. अमुकाने हूणांना जिंकलं, असा त्याचा अर्थ. तो अमुक कोण? एका वाचनाप्रमाणे 'जर्त', दुसऱ्याप्रमाणे 'गुप्त'. पहिलं घेतलं तर हूणांचा पराभव जाटांनी केला, दुसरं घेतलं तर गुप्त सम्राटाने. जाटांच्या इतिहासाची पुस्तकं अर्थातच पहिलं वाचन घेतात. व्याकरणाच्या उदाहरणातल्या एका अक्षरावर साम्राज्य उभं करू नये, एवढं मला वाटतं.

हे झालं नावांच्या मागे धावणं. आता ज्यांच्याबद्दल शंका घेण्यासारखं फारसं नाही, अशा नोंदींकडे येऊ. त्या सुरू होतात सिंधमध्ये.

सातव्या शतकात ह्युएन त्संग सिंधमधून गेला. नदीकाठच्या दलदलीत गुरं राखून राहणाऱ्या मोठ्या लोकसमूहाचं त्याने वर्णन केलं आहे. त्यांच्यात उच्चनीच नाही, श्रीमंत-गरीब नाही. नाव तो सांगत नाही. ते सांगतो 'चचनामा' हा सिंधचा इतिहास. आज मिळतो तो फारसी चचनामा १२१६ च्या सुमाराचा आहे. तो जुन्या अरबी ग्रंथाचं भाषांतर म्हणून लिहिला गेला, पण ते कितपत खरं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तेव्हा हातचं राखूनच वाचायला हवा. पण त्यातला मजकूर विसरता येत नाही.

सिंधचा ब्राह्मण राजा चच याने ब्राह्मणाबादच्या जाटांवर अटी लादल्या, असं तो सांगतो. खरी तलवार बाळगायची नाही. मखमल-रेशमाची वस्त्रं अंगाला लावायची नाहीत. घोड्यावर खोगीर घालायचं नाही. डोकं आणि पाय उघडे ठेवायचे. घराबाहेर पडताना कुत्री बरोबर घ्यायची. ब्राह्मणाबादच्या अधिपतीच्या मुदपाकखान्याला सरपण पुरवायचं. वाटाडे आणि हेर द्यायचे. पुढे ७१२ मध्ये महंमद बिन कासिमने सिंध जिंकला. जाटांना पूर्वी कसं वागवत, असं त्याने दिवाणाला विचारलं, ही यादी ऐकली आणि तीच पुढे चालू ठेवली. राजा बदलला, धर्म बदलला, जाटांचे अनवाणी पाय तसेच राहिले.

आपल्या पूर्वजांबद्दलचं हे पान वाचताना कुणाही जाट वाचकाला काय वाटत असेल? मला तर वाटतं, शक, हूणविजेते, शंकराची जटा या साऱ्याची खरी गरज इथे निर्माण होते. लिखित इतिहासातलं आपलं पहिलं दर्शनच जर असं असेल, तर माणूस त्या पानाच्या आधीचं एखादं सोनेरी पान शोधणारच.

पण सिंधच्या जाटांची गोष्ट एवढीच नव्हती. अरबी ग्रंथांत त्यांना 'झुत्त' म्हटलं आहे. यातले काही इराकात बसरा शहराच्या बाजूच्या दलदलीत म्हशी घेऊन वसले होते. नवव्या शतकात त्यांनी बगदादच्या खलिफाविरुद्ध बंड केलं, नद्यांची वाहतूक अडवून धरली. खलिफा मुतासिमच्या सैन्याने ८३४ मध्ये त्यांना शरण आणलं. तबरी हा इतिहासकार सांगतो की बायकामुलांसह सत्तावीस हजार माणसं नावांत घालून बगदादला आणली. पुढे त्यांना रोमन साम्राज्याच्या सीमेवर नेऊन बसवलं आणि ८५५ मध्ये रोमनांनी त्यांना म्हशींसकट पकडून नेलं. सिंधूकाठचे गुराखी कुठपर्यंत पोहोचले पाहा. मुलतानजवळच्या जाटांवर १०२७ मध्ये गझनीचा महमूद चालून आला, तेव्हा त्याने लोखंडी खिळे ठोकलेल्या चौदाशे होड्या बांधवल्या, असं गर्देझी लिहितो. म्हणजे लढाई नदीत झाली. पाणी हा त्या लोकांचा प्रांत होता.

त्याच सुमाराला, १०३० च्या आसपास, अल्बेरुनी एक वाक्य सहज लिहून जातो. मथुरेकडे कृष्ण ज्या घरी वाढला ते घर जाटांचं, गुरं पाळणाऱ्या हलक्या शूद्रांचं, असं तो म्हणतो. नंद गवळी त्याला जाट वाटला, म्हणजे 'जाट' आणि 'गुरांमागे फिरणारा' हे त्याच्या कानावर जोडीनेच पडले असणार.

नंतर काही शतकं नोंदी विरळ होतात. आणि पडदा पुन्हा वर जातो तेव्हा दृश्य पार बदललेलं असतं. अकबराच्या काळची 'ऐने-अकबरी' १५९५ च्या सुमाराची. तिच्यात लाहोर, मुलतान, दिल्ली, आग्रा या सुभ्यांतल्या महालांपुढे तिथले जमीनदार कोणत्या जातीचे ते लिहिलं आहे, आणि तिथे जाट महालामागून महाल येत राहतात. पाणथळीतला, बिनखोगिराच्या घोड्यावरचा गुराखी पाचशे वर्षांत जमिनीचा धनी झाला होता.

हे कसं घडलं? इतिहासकार इरफान हबीब यांनी १९७६ मध्ये एक मांडणी केली. सिंधमधले जाट अकराव्या शतकापर्यंत उत्तरेकडे पंजाबात सरकले, पुढे यमुनेपर्यंत पसरले आणि याच काळात पंजाबात रहाट आला. रहाट म्हणजे साधं चाक नव्हे. मडक्यांची माळ, दात्यांची चाकं आणि गोल फिरणारे बैल असलेलं यंत्र. आपल्या बोलण्यात 'संसाराचं रहाटगाडगं' उरलं आहे, ते हेच. बाबराने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडे विहिरीवर रहाट चालतो आणि आग्रा, बयानाकडे मोट. मोटेचा त्याला किळसच आला होता, कारण बैलांच्या शेणामुतातून आलेला दोर पुन्हा विहिरीत जातो! पंजाबच्या कोरड्या दुआबांत रहाटाने बारमाही पाणी दिलं, गुरं होतीच, हात होते, आणि गुराखी शेतकरी झाला. सतराव्या शतकातला 'दबिस्ताने-मजाहिब' हा ग्रंथ तर सांगतो की पंजाबी बोलीत जाट म्हणजे खेडूत.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबायला हवं, कारण वादाची खरी गाठ तिथे आहे. जाट म्हणजे खेडूत असा अर्थ झाला असेल, तर सिंधमधून माणसंच चालत आली की नाव चालत आलं? हबीब यांची भिस्त माणसांच्या स्थलांतरावर आहे. पण पंजाब आणि हरियाणातले आधीपासूनचे कितीतरी शेतकरी, गुराखी समूह या नावाखाली गोळा झाले असतील, ही शक्यता मला टाळता येत नाही. जाटांची असंख्य गोत्रं आणि त्यांच्या मुळाच्या वेगवेगळ्या कथा याच बाजूला बोट दाखवतात. नदी जशी वाटेत ओढे घेत मोठी होते आणि नाव एकाच उगमाचं चालवते, तसं काहीसं हे झालं असावं.

पंजाबच्या १८८१ च्या जनगणनेचा प्रमुख डेन्झिल इबेट्सन याने हे फार जवळून पाहिलं. जाट आणि राजपूत यांच्यातला फरक वंशाचा कमी आणि सामाजिक जास्त, असं त्याने स्पष्ट लिहिलं. तिथे विधवेवर चादर टाकून तिचा दिराशी संसार लावून देत, त्याला 'करेवा' म्हणत. आपल्याकडे खेड्यांत 'पाट लावणं' म्हणत, त्यातलाच प्रकार. ज्या घराण्याने करेवा बंद केला, बायकांना पडद्यात बसवलं, ते पिढ्यांनी राजपूत म्हणवू लागलं. ज्यांनी चालू ठेवला ते जाट. कुणबी आणि मराठा यांच्या सीमारेषेवरचे वाद ऐकलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायला नको. माझ्या मते जाटांवर इंग्रजांनी लिहिलेल्या ढीगभर पानांत इबेट्सनची ही पानं सर्वांत शहाणी आहेत. त्याच्यानंतर रिस्ले आला आणि त्याने नाकं मोजायला सुरुवात केली. जाटांची नाकं 'इंडो-आर्यन' ठरली आणि शकांच्या मताची पंचाईत झाली.

आता सूरजमलकडे परत येऊ. १६६९ मध्ये मथुरेच्या परिसरात गोकुळाच्या पुढारपणाखाली जाट शेतकरी औरंगजेबाविरुद्ध उठले. मथुरेचा फौजदार मारला गेला. तिलपतच्या लढाईनंतर गोकुळाला पकडून आग्र्यात ठार केलं. पुढच्या पिढीत राजारामाने सिकंदऱ्याची अकबराची कबर लुटली, चूडामणने फौज जमवली, बदनसिंगाने राज्याला आकार दिला आणि त्याच्या सूरजमलने १७६१ मध्ये, पानिपतानंतर पाचच महिन्यांत, आग्र्याचा किल्ला घेतला. चार पिढ्यांत शेतकऱ्याचं सिंहासन झालं. सिंहासन आलं की वंशावळ येते, हे सगळीकडेच. भरतपूरचे राजे स्वतःला यदुवंशी, कृष्णाच्या कुळातले म्हणवू लागले. सातशे वर्षांपूर्वी त्याच व्रजभूमीत कृष्णाचं पालन जाटाघरी झाल्याचं अल्बेरुनीने लिहिलं होतं, तेव्हा त्यात कौतुक नव्हतं.

इंग्रजी अमलात जाट 'लढाऊ जमात' ठरले, त्यांच्या पलटणी झाल्या. पंजाबात १९०० च्या जमीन कायद्याने ते 'शेतकरी जमात' ठरले, म्हणजे त्यांची जमीन सावकाराने खरेदी करायला आडकाठी आली. आपण कोण हे सांगण्याला आता भरती आणि सातबाऱ्याचं वजन आलं होतं. १९२५ मध्ये जदुनाथ सरकारांचे शिष्य कालिकारंजन कानूनगो यांनी जाटांचा पहिला शिस्तशीर इतिहास इंग्रजीत लिहिला आणि त्यांना आर्यवंशाचे मानलं. १९३४ मध्ये ठाकूर देशराज यांनी हिंदीत 'जाट इतिहास' लिहिला. तोपर्यंत जाटांबद्दल लिहिणारे मुख्यतः परकेच होते. सिंधचे दरबारी, अरब, तुर्क, मोगल आणि साहेब. देशराजांच्या ग्रंथात प्राचीन राजवंशांची जी रेलचेल आहे, ती इतिहासाच्या कसाला उतरत नाही. पण हजार वर्षं दुसऱ्यांच्या लेखणीतून 'उपद्रवी' आणि 'हलके' ठरलेल्या समाजाने प्रथमच लेखणी हातात घेतल्यावर पहिलं वाक्य नम्रपणे लिहावं, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

अलीकडे हा वाद रक्तातल्या जनुकांवर गेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरियाणातले रोड आणि जाट यांच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या ताम्र-कांस्ययुगीन पूर्वजांचा वाटा उपखंडात बराच वरचा आढळला. टॉड जिंकला, असं काहींना वाटलं. पण हे मिश्रण शकांच्या हजारभर वर्षं आधीचं. ते थोड्याफार प्रमाणात आपल्यापैकी बहुतेकांत आहे आणि ते आलं तेव्हा 'जाट' हे नाव कुणी घेत होतं असा पुरावा नाही. जनुकं पूर्वज सांगतात, नाव सांगत नाहीत.

आणि मग आरक्षण. मार्च २०१४ मध्ये केंद्राने नऊ राज्यांतल्या जाटांना इतर मागासवर्गीयांच्या यादीत घेतलं. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणात आंदोलन पेटलं आणि तीसच्या आसपास माणसं गेली. ज्यांच्या आजोबांनी क्षत्रियत्व सिद्ध करायला ग्रंथ लिहिले, त्यांची नातवंडं मागासपण सिद्ध करायला रस्त्यावर आली, असं म्हणून हसणं सोपं आहे. पण जमिनीचे तुकडे झाले, पाणी खोल गेलं, नोकऱ्या शहरात गेल्या, हे रोहतकच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. न्यायालयानेही शक की आर्य हे विचारलं नाही. जुनी आकडेवारी चालणार नाही, आजची स्थिती दाखवा, असं म्हटलं.

या सगळ्या गडबडीपासून दूर, कच्छच्या लखपतकडे फकिराणी जत राहतात. मुसलमान आहेत, उंट पाळतात. त्यांचे खाराई जातीचे उंट पोहतात. भरतीच्या वेळी खाडी ओलांडून बेटावरच्या तिवरांत चरायला जातात, आणि जत त्यांच्याबरोबर पाण्यात उतरतात. कारखाने, मिठागरं आली आणि तिवरं कमी झाली, एवढीच त्यांची सध्याची तक्रार आहे. आपण शक की शंकराच्या जटेतले, हे त्यांना विचारायला अजून फारसं कुणी गेलेलं नाही.